उताऱ्याचा हिशेब

मराठींतील कांहीं शब्द मोठे सोशीक असतात. त्यांच्यावर कितीही अर्थ लादा, ते कुरकुर करीत नाहींत. ‘उतारा’ हा त्यांपैकींच एक. तलाठ्याच्या दप्तरांतून सात-बाराचा निघतो तो उतारा. विद्यार्थी पुस्तकांतून लिहून काढतो तो उतारा. विष चढलें असतां वैद्य देतो तोही उताराच. आणि आमच्या वऱ्हाडांत दिवाळीनंतर ज्याच्या त्याच्या तोंडीं असतो तो रुईचा उतारा. ‘उत्’ हा उपसर्ग आणि ‘तॄ’ म्हणजे तरून जाणें हा धातु, यांपासून हा सारा परिवार झाला. पलीकडे तरून जें हातीं येतें तें, असा मूळचा भाव धरला म्हणजे हे निरनिराळे उतारे एका सूत्रांत ओंवतां येतात. एका बाजूनें कांहीं घातलें, मधल्या मध्यें कांहीं घडलें, आणि दुसऱ्या बाजूनें कांहीं उतरलें.

घातलें किती आणि उतरलें किती, हा प्रश्न दिसावयास पोरकट. पण आजच्या यंत्रविद्येचा, जलविद्येचा, विद्युत्-विद्येचा व अर्थशास्त्राचा फार मोठा भाग या एका प्रश्नाभोवतीं फिरत असतो. आंत जाणाऱ्यास या शास्त्रांत ‘आदान’ म्हणतात, बाहेर येणाऱ्यास ‘प्रदान’. मधली वस्तु मग लोखंडाची असो, मातीची असो, तारांची असो वा माणसांची असो. अमुक आदानाचें अमुक प्रदान ती कोणत्या रीतीनें करते एवढें कळलें, कीं तिचें पोट उघडून न पाहतांही तिच्याविषयीं बरेंच भाकीत करतां येतें. आमच्या नैयायिकांना ही कल्पना अगदींच परकी वाटली नसती. कुऱ्हाड हें साधन आणि लाकूड तुटणें हें फल, या दोहोंच्या मध्यें जें घडतें त्याला त्यांनीं ‘व्यापार’ असें नांव दिलें होतें. पेठेंतला व्यापार हा त्याच शब्दाचा प्रापंचिक नातलग होय. हा व्यापार वाचकांच्या परिचयाच्या चार-पांच ठिकाणीं पाहावा, आणि उताऱ्याचा आंकडा वाचतांना आपली फसगत कोठें होते तें शोधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मोताळ्यास बसून लिहावयाचें म्हणजे आरंभ कापसापासूनच केला पाहिजे. १८६७ सालीं आगगाडी मलकापुरावरून नागपुरास पोंचली, आणि १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत स्वतंत्र फांटा काढण्यांत आला, तो मुख्यतः कापसाच्या व्यापारासाठीं. तेव्हांपासून या जिल्ह्याचें नशीब जिनिंगच्या यंत्राशीं बांधलें गेलें आहे. त्या यंत्राची मूळ कल्पना फोन्स मॅकार्थी या अमेरिकन गृहस्थानें १८४० सालीं काढली. चामड्याच्या चकत्यांचा एक रूळ फिरत असतो. त्याला घट्ट टेकलेलें एक पातें स्थिर असतें व दुसरें खालींवर हालत असतें. कापसाचा तंतु रुळाच्या खरखरीत अंगाला धरून पात्याखालून पलीकडे ओढला जातो. सरकी जाड म्हणून अलीकडेच अडते, आणि हालत्या पात्याचा धक्का बसून खालीं गळते. शंभर किलो कापूस घातला तर साधारणतः ३३ ते ३६ किलो रुई हातीं येते, ६२ ते ६५ किलो सरकी निघते, आणि राहिलेले एक-दोन किलो म्हणजे मातेरें, धूळ आणि उडून गेलेली ओल.

आतां या यंत्राचा उतारा किती म्हणावा? सूतगिरणीवाला म्हणेल, ३४ टक्के. उरलेल्या ६६ टक्क्यांशीं त्याला कर्तव्य नाहीं. तेलवाला मात्र त्या उरलेल्याचीच वाट पाहत असतो. त्याच्या घाण्यांत शंभर किलो सरकीचें दहा-बारा किलो तेल उतरतें. त्याच्याही दृष्टीनें बाकीचा पसारा गौणच. परंतु तो पसारा म्हणजे ढेप, आणि ती गोठ्यांत पोंचली म्हणजे म्हशीच्या दृष्टीनें सगळा मुख्य माल तोच! पहांटे जें दूध आपल्या चुलीवर चढतें, त्यांतील कांहीं अंश अशा रीतीनें जिनिंगच्या यंत्रांतून उतरलेला असतो. सांख्यांनीं सत्कार्यवाद मांडतांना सांगितलें कीं, तेल तिळांतून निघतें, वाळूंतून निघत नाहीं, कारण कार्य हें कारणाच्या ठायीं आधींच असतें. जिनिंगमध्यें उभें राहिल्यावर त्यांचें म्हणणें पटतें. यंत्र कांहीं नवें निर्माण करीत नाहीं. तें फक्त वेगळें करतें. घातलेल्यापैकीं कांहींही नाहींसें होत नाहीं. त्यांतलें कोणतें ‘उतारा’ व कोणतें ‘कचरा’, हें ठरवितो तो हिशेबनीस. हिशेबाचें कुंपण जेथें तो घालील, तेथें कचऱ्याची हद्द सुरू होते.

हें कुंपण कोणी कोठें घातलें यावर माणसांचें पोट अवलंबून असतें, म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे. शेतकऱ्याची गाडी खरेदीकेंद्रावर उभी राहिली म्हणजे प्रथम ओल पाहतात. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभावाच्या खरेदींत आठ टक्के ओल हें प्रमाण. आठाच्या वर बारापर्यंत जसजशी ओल वाढेल तसतशी भावांत कपात. बाराच्या वर असल्यास कापूस घेत नाहींत. हें योग्यच आहे, कारण पाण्याची रुई होत नसते. परंतु ओलीचा हिशेब जसा टक्क्याटक्क्यानें होतो, तसा त्या गाडींतील कापसाच्या रुईचा होत नाहीं. जात, तंतूची लांबी व स्वच्छता पाहून भाव ठरतो, वजन होतें, आणि तो कापूस शंभर गाड्यांच्या ढिगांत मिसळून जातो. एकाच्या कापसाचा उतारा ३३ व दुसऱ्याचा ३७ असला, तर दहा क्विंटलांमागें चाळीस किलो रुईचा फरक पडतो. आणि रुईचा भाव सरकीच्या कित्येक पट असतो. तरीही दोघांच्या हातीं बहुधा सारखाच पैसा पडतो. कमीपणा कापला जातो तो शेतकऱ्याच्या खात्यांतून, आणि अधिकपणा जमा होतो तो पुढल्याच्या खात्यांत. राज्य शासनाच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पांत शेतकऱ्यांच्या गटांनीं कापूस न विकतां तो स्वतः जिनिंगमधून काढून घ्यावा, आणि रुईच्या गाठी व सरकी वेगवेगळी विकावी, असा जो प्रयत्न आरंभिला गेला, त्याचें मर्म हेंच आहे. त्यांत यंत्र बदललेलें नाहीं. हिशेबाचें कुंपण तेवढें गाडीच्या चाकापासून उचलून जिनिंगच्या पलीकडच्या दारापर्यंत नेलें आहे.

कित्येकांची अशी समजूत असते कीं, यंत्र पुरेसें चांगलें केलें तर हव्या त्या पदार्थाचा उतारा शंभर टक्क्यांपर्यंत नेतां येईल. शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील पारस येथें प्रत्येकीं २५० मेगावॉटचे वीजसंच आहेत. अशा जातीच्या संचांत कोळशाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक-तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णता विजेच्या रूपानें उतरते. बाकीची धुराड्यांतून व थंड करण्याच्या पाण्यांतून निघून जाते. ही इंजिनिअरांची हयगय नव्हे. १८२४ सालीं सादी कार्नो या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच तरुणानें दाखवून दिलें कीं, उष्णतेपासून काम करून घेणाऱ्या कोणत्याही यंत्रास एक कमाल मर्यादा असते, आणि ती यंत्राच्या घडणीवर नव्हे, तर तापलेली बाजू व थंड बाजू यांच्या तापमानांवर ठरते. म्हणून कोणाचा उतारा कमी दिसला तर दोष देण्यापूर्वीं, त्या मार्गानें अधिकांत अधिक किती उतरूं शकलें असतें, हें आधीं विचारावें.

येथवर आपण ‘किती’ एवढेंच पाहिलें. परंतु प्रदानास केवळ माप नसतें, त्यास काळही असतो. हें पाहावयास नदीसारखी शिक्षिका नाहीं. बुलढाण्याच्या डोंगरांतून उतरून आमच्या तालुक्यांतून मलकापुराकडे व पुढें पूर्णेकडे जाणारी नळगंगा पाहा. पाऊस हें तिचें आदान, पात्रांतून वाहणारें पाणी हें प्रदान. पाऊस तासाभरांत पडून जातो. पण नदीचें पाणी त्या तासांत येत नाहीं. आधीं जवळच्या उतारावरचें येतें, मग दूरच्या शिवारांतलें, मग ओढ्यानाल्यांतून रेंगाळत आलेलें. पूर चढतो तो झपाट्यानें आणि ओसरतो तो सावकाश. १९३२ सालीं लेरॉय शर्मन या अमेरिकन अभियंत्यानें यांतून एक सुंदर रीत काढली. जमिनींत मुरून उरलेला एक इंच पाऊस एखाद्या खोऱ्यांत ठराविक काळांत पडला, तर नदी कोणत्या क्रमानें चढते-उतरते याची आकृति एकदां काढून ठेवावी. दोन इंच पाऊस पडला तर त्याच आकृतीची उंची दुप्पट करावी; दुसऱ्या दिवशींही पडला तर तीच आकृति एक दिवस पुढें सरकवून पहिलींत मिळवावी. एवढ्या सामग्रीवर येणाऱ्या पुराचा अंदाज बांधतां येतो. पेटीच्या आंत काय आहे तें न पाहतां, तिला एक टिचकी मारून तिचा स्वभाव ओळखण्यासारखें हें आहे.

मात्र या रीतींत ‘मुरून उरलेला’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आमची काळी जमीन उन्हाळ्यांत हात हात भेगाळते. मृगाचा पहिला पाऊस कितीही जोराचा असो, तो त्या भेगा पिऊन टाकतात आणि नदीला थेंब मिळत नाहीं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि श्रावण-भाद्रपदांत तेवढाच पाऊस पडला तर ओढे भरून वाहूं लागतात. आदान तेंच, जमीन तीच. प्रदान मात्र निराळें, कारण जमिनीला पूर्वींच्या पावसाची स्मृति आहे. पहिला पाऊस वायां गेला असें नदीकडे पाहणारा म्हणेल. पण शेतकरी तसें कधींच म्हणणार नाहीं. त्या पावसानें जमीन घडविली, आणि पेरणी त्याच्याच भरंवशावर झाली.

पडतें चार महिने आणि हवें असतें बारा महिने, ही अडचण दूर करण्यासाठींच मनुष्य धरण बांधतो. मोताळा तालुक्यांतील नळगंगेचें मातीचें धरण १९६० च्या दशकांतलें. त्याचा उपयुक्त साठा सुमारें ६९ दशलक्ष घनमीटर. धरणानें पाण्याचा एक थेंबही वाढत नाहीं. उलट उन्हानें बाष्प होऊन व जमिनींत झिरपून कांहीं कमीच होतें. तरी लोक तें बांधतात, कारण हव्या त्या वेळीं आलेलें थोडें पाणी हें नको त्या वेळीं आलेल्या पुष्कळ पाण्याहून मोलाचें असतें. वैनगंगेचें पाणी गोसीखुर्दपासून चारशें किलोमीटरांहून अधिक लांबीच्या मार्गानें थेट नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळानें ऑगस्ट २०२४ मध्यें मान्यता दिली. त्या योजनेचा विचार करतांनाही तिकडून किती पाणी उचललें एवढा एकच आंकडा पुरणार नाहीं. वाटेंत किती सुटलें, इकडे किती उतरलें आणि कोणत्या महिन्यांत उतरलें, हे तिन्ही आंकडे शेजारीं शेजारीं मांडावे लागतील.

आतांपर्यंत आदान एकीकडून आलें व प्रदान दुसरीकडे गेलें. परंतु खरी गंमत पुढेंच आहे. कांहीं रचना अशा असतात कीं, त्यांत बाहेर पडलेलें प्रदान वळून पुन्हां आदानावर अंमल चालवितें. पुण्याजवळील खडकवासल्याच्या तलावावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं १९०३ सालीं आपोआप चालणारे दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीच्या वर चढलें कीं पाण्याच्याच बळानें ते उघडत, आणि पातळी खालीं आली कीं मिटत. अपरात्रीं पूर आला तरी कोणास हांक मारावी लागत नसे. वाफेच्या इंजिनाची गति आवरण्यासाठीं जेम्स वॉट यानें १७८८ सालीं फिरत्या गोळ्यांचें जें साधन लावलें, तेंही याच कुळांतलें. पण अशीं साधनें कधीं कधीं वेड्यासारखीं वागत. गति स्थिर करण्याऐवजीं तीं इंजिनास एकदां पळवीत, एकदां मंद करीत, आणि हा झोंका वाढतच जाई. असें कां व्हावें, याचें गणित जेम्स क्लार्क मॅक्स्वेल यांनीं १८६८ सालीं मांडलें.

याचें एक ठळक कारण आहे विलंब. गणेशोत्सवाच्या मांडवांत ध्वनिक्षेपक अचानक किंचाळतो, तो प्रकार सर्वांनीं ऐकलेला आहे. कर्ण्यांतून निघालेला आवाज क्षणाच्या एका अंशानंतर पुन्हां माईकमध्यें शिरतो, वाढतो, पुन्हां निघतो, पुन्हां शिरतो. वक्ता गप्प बसला तरी यंत्र ओरडतच राहतें. असा किंकाळा केव्हां फुटेल आणि केव्हां फुटणार नाहीं, याचा नियम अमेरिकेंतील हॅरी नाय्क्विस्ट यांनीं प्रसिद्ध केला तो १९३२ सालींच. त्याच वर्षीं शर्मन पावसाचें गणित करीत होते. एकाच्या पुढें नदी होती, दुसऱ्याच्या पुढें टेलिफोनची तार. पण दोघेही एकच गोष्ट विचारीत होते: घातलेलें केव्हां आणि कोणत्या आकारानें उतरतें? प्रदान उशीरानें येत असेल, आणि तें येण्यापूर्वींच अधीर होऊन आपण आदान वाढवीत किंवा तोडीत गेलों, तर बेताल झोंके हे ठरलेलेच.

कापसाच्या बाजारांत हा नियम आमच्या डोळ्यांदेखत खरा ठरला. २०२१-२२ च्या हंगामांत भाव क्विंटलास १०,००० रुपयांच्या वर गेला. तो भाव त्या वर्षींच्या टंचाईचा होता. पण त्यास पाहून निर्णय घेतले गेले ते पुढल्या वर्षाचे. पुढील हंगामांत पुष्कळांनीं कापूस विकला नाहीं. माजघरांत, ओसरीवर, जेथें जागा मिळेल तेथें भरून ठेवला, आणि पूर्वींच्या भावाची वाट पाहिली. भाव मात्र उतरत गेला, व २०२३ च्या उन्हाळ्यांत कित्येकांना सात-आठ हजारांच्या घरांत तो द्यावा लागला. पेरणीचा निर्णय आज आणि माल बाजारांत येणार सहा-आठ महिन्यांनीं, अशा पिकांच्या भावांत हे झोंके येतातच; निकोलस कॅल्डर या अर्थशास्त्रज्ञानें १९३४ सालीं या प्रकारास कोळ्याच्या जाळ्याचें नांव दिलें. शेतकऱ्यास लोभी म्हणणें सोपें आहे. परंतु आजचा भाव हा गतवर्षींच्या पेरणीचा उतारा असतो, येत्या पेरणीचें आश्वासन नव्हे, ही गोष्ट त्याला वेळेवर सांगणारें कोणी असतें, तर कित्येक घरांतील कर्जाचा आंकडा निराळा झाला असता.

शाळेंत आयुष्य काढलेल्या माणसास येथें मुलांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. शिकविणें हें आदान आणि परीक्षेंतील गुण हें प्रदान, असा सरळ हिशेब हल्लीं घरोघर मांडला जातो. सहामाहींत गुण कमी पडले कीं एक शिकवणी. तिचा परिणाम दिसण्यास चार-सहा महिने लागावयाचे, पण महिन्याभरांतल्या चांचणींत कांहीं दिसलें नाहीं म्हणून दुसरी शिकवणी. मग पहांटेचा अभ्यास, मग खेळ बंद. ध्वनिक्षेपकाच्या मांडवांत जें होतें तेंच मग त्या मुलाच्या डोक्यांत होऊं लागतें. कांहीं मुलें ही उन्हाळ्यांतील काळ्या जमिनीसारखीं असतात. पहिला पाऊस तीं संपूर्ण पिऊन टाकतात. ओढ्यास थेंब दिसत नाहीं. इंग्रजी पांचवींत मठ्ठ म्हणून हिणविलेला मुलगा नववींत एकदम व्याकरण बोलूं लागलेला मीं एकापेक्षां अधिक वेळां पाहिला आहे; आणि पहिल्या सरीस खळखळ वाहिलेला ओढा मार्गशीर्षांत कोरडा पडलेलाही पाहिला आहे. आईबापांनीं आळसास आळसच म्हणावें, त्याबद्दल वाद नाहीं. पण मुरत असलेल्या पाण्यास वायां गेलेलें समजूं नये.

आतां हिशेबाच्या कुंपणाकडे पुन्हां वळूं. कारण तें सर्वांत जुनें कुंपण आपल्याच घरांत आहे. देशांतील एका उद्योगाचें प्रदान हें दुसऱ्या उद्योगाचें आदान कसें होतें, याचा भला मोठा तक्ता मांडण्याची रीत वासिली लिओन्टिफ यांनीं काढली, व त्याबद्दल त्यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कापूस, सूत, कापड, कोळसा, वीज, सर्वांना त्या तक्त्यांत रकाना असतो. परंतु राष्ट्रीय उत्पन्नाच्या रूढ हिशेबांत एक आदान धरलेंच जात नाहीं. भात विकला तर तो उत्पन्नांत येतो. तोच भात घरीं रांधून वाढला तर त्या रांधण्याचा आंकडा शून्य. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणींत असें आढळलें कीं, विनावेतन घरकाम करणाऱ्यांमध्यें सहा वर्षांवरील स्त्रिया त्या कामास दिवसाचीं सरासरी २८९ मिनिटें देतात, आणि पुरुष ८८ मिनिटें.

एकत्र कुटुंबांत तर हें अधिकच खरें. थोरल्या मुलाची नोकरी, धाकट्याची सनद, नातवाचा पहिला क्रमांक, हे सारे घराचे उतारे म्हणून पाहुण्यांस सांगितले जातात. त्या उताऱ्यांसाठीं पहाटे पांचापासून चुलीपुढें किंवा आजच्या गॅसपुढें कोण उभें राहिलें, सासऱ्यांच्या पथ्याचें व मुलांच्या डब्यांचें वेळापत्रक कोणाच्या डोक्यांत होतें, आणि कोणत्या सुनेनें आपली शिकलेली विद्या पेटींत बंद करून ठेवली, याची नोंद कोठें असते? घरांत सुबत्ता नांदते ती घरच्या पुण्याईनें, असें आपण म्हणतों. पुण्याई असेलही, पण तिच्या खालीं २८९ मिनिटांचें जमाखर्चांत न आलेलें भांडवल आहे. कांहींही न घालतां उतरत असलेलें यंत्र आजवर कोणीं पाहिलेलें नाहीं. तसें भासूं लागलें तर समजावें कीं, घालणारें माणूस कुंपणाबाहेर उभें आहे.

वाचकांनीं या महिन्यांत दोन सोपे प्रयोग अवश्य करून पाहावे. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांनीं आपल्या वाळलेल्या कापसांतून निरनिराळ्या झाडांचीं बोंडें घेऊन शंभर ग्रॅम कापूस तोलावा, मुलांना बसवून हातानें त्याची सरकी वेगळी करावी, आणि रुई पुन्हां तोलावी. जितके ग्रॅम भरतील तितके टक्के आपल्या कापसाचा उतारा. हातानें कांहीं तंतु सरकीवर राहतात, म्हणून थोडा कमी भरेल. निरनिराळ्या वाणांचा असा उतारा वहींत लिहून ठेवला तर पुढील वर्षीं बियाणें घेतांना दुकानदाराच्या शब्दावर विसंबावें लागणार नाहीं. दुसरा प्रयोग सर्व घरांसाठीं आहे. एका साध्या वहींत आठ दिवस घरांतील प्रत्येक माणसाचीं कामाचीं मिनिटें लिहावीं, पगाराचीं निराळीं व बिनपगाराचीं निराळीं. वही घरांतील स्त्रियांनीं न लिहितां पुरुषांनीं व मुलांनीं लिहावी, म्हणजे लिहिण्याचें आणखी एक काम त्यांच्यावर पडणार नाहीं. नवव्या दिवशीं बेरीज करून ती वडील मंडळींपुढें वाचावी, आणि कोणतें काम कोणी उचलावें याची नवी वांटणी त्याच बैठकींत ठरवावी.